दाढीखालची रेघ

तिसगावच्या बाजारात एखाद्याला रुपयाचा संशय आला, की तो सोनाराकडं जायच्या आधी माझ्या दारात येतो. सोनार चार लोकांत बोभाटा करतो, मी करत नाही. शिवाय मी फुकट बघते.

शाळा मी दुसरीपर्यंत शिकले. नाण्यांची विद्या मला नवऱ्याकडून आली आणि त्यांना एका मिशनरी साहेबाकडून. आमचे प्रभुदास मास्तर मिशनच्या शाळेत शिकवायचे आणि रविवारच्या उपासनेत फिरणारी झोळी निवडायला घरी आणायचे. साहेबाला चुकलेल्या नाण्यांचं वेड होतं. १९११ सालच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती असा काही बेढब उठला, की लोकांना तो डुक्कर वाटला आणि सरकारला ते रुपये मागं घ्यावे लागले. त्यातला एक तरी मिळावा म्हणून साहेब झोळी उपडी करून बसायचा. "देवाचं काम करायला आलेला माणूस डुक्कर शोधत बसलाय," असं मी एकदा म्हणाले, तर मास्तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्याचं भिंग मास्तरांना देऊन गेला. मास्तर गेले, भिंग माझ्याकडं राहिलं. डुक्कर काही कुणाला सापडलं नाही.

गोजरबाईची आणि माझी ओळख वीस वर्षांची, पण ओट्यापर्यंतची. आमचे आजोबा ख्रिस्ती झाले तरी गावाच्या लेखी आम्ही होतो तिथंच होतो. ती मला काही द्यायची तर ओट्यावर ठेवायची, मी उचलून घ्यायची. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. उन्हाळ्यात स्वतः सावलीतून उठून मला सावली करून देणारी बाई ती. पण ठेवायची मात्र खालीच.

तिच्या देव्हाऱ्यात एक रुपया होता. ती लग्न होऊन आली त्या साली, म्हणजे १९१९ ला, सासऱ्यानं नवाकोरा आणून मांडलेला. त्यावर पंचम जॉर्ज राजा, मुकुट आणि भरघोस दाढी. गोजरबाईच्या लेखी तो मढीचा कानिफनाथ. दाढीखालून नाण्याच्या कडेपर्यंत एक बारीक रेघ गेली होती, ती नाथाची सुटलेली जटा. मी तिला एकदा सांगितलं होतं, की हा विलायतेचा राजा आहे.

"असंल की," ती म्हणाली. "राजा भरथरी न्हाई का नाथ झाला?"

रोज सकाळी अंघोळ झाली की मढीची रक्षा अंगठ्यावर घेऊन ती राजाच्या तोंडावर फिरवायची. विहिरीकडं जाताना मला ते उंबऱ्याबाहेरून दिसायचं. रुपया कधी माझ्या हातात आला नाही. देवाचा होता, कसा येईल?

मच्छिंद्र तिचा एकुलता एक. पलटणीत मोटार हाकायला गेला तेव्हा तिनं तो रुपया देव्हाऱ्यातून उचलला आणि त्याच्या करदोट्याला कापडात शिवून बांधला. त्याची बायको राहीबाई तेव्हा सतरा वर्षांची होती.

दोन वर्षांनी, चव्वेचाळीसच्या आषाढात, इंग्रजी कागद आला. पाळकांनी वाचून दाखवला. मणिपूरच्या रस्त्यावर गाडी पेटली. दोन शवं मिळाली, दोन्ही ओळखू येण्यापलीकडची. गळ्यातले बिल्ले पुठ्ठ्यासारख्या जिनसाचे असतात, ते जळून गेले. गाडीत ऐनवेळी कोण चढलं आणि कोण उतरलं याचा पत्ता नाही. मच्छिंद्र बेपत्ता, बहुधा ठार. ते 'बहुधा' गोजरबाईनं धरून ठेवलं.

श्रावणात एक पुडकं आलं. जळक्या चिंधीत एक रुपया. एका शवाच्या कमरेला मिळाला, तुमच्या मुलाचा असावा, एवढाच मजकूर.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या अंगणात आली. वीस वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याकडं आली होती, मी तिच्याकडं नाही. रुपया पायरीवर ठेवला आणि दोन पावलं मागं सरून बसली.

"मास्तरीन, बघ."

चिंचेनं घासून आणला होता, तरी काळा राहिलेला. दाढीखाली रेघ होती. कडेपर्यंत.

"हीच का तुमच्या नाथाची?" मी विचारलं.

"तेच तर तुला इचारतीया. अशी रेघ दुसऱ्या रुपयाला ऱ्हाती का?"

मला ते माहीत होतं, आणि माहीत असलेलं सांगायची माणसाला फार घाई असते. टांकसाळीत पोलादाचा ठसा असतो, मी सांगितलं. हाणून हाणून त्याला चीर जाते. चिरेत चांदी चढते आणि रुपयावर रेघ उठते. नवा ठसा लावीपर्यंत जेवढे रुपये पडतील, त्या सगळ्यांवर तीच रेघ, त्याच जागी.

"मंजी किती?"

"हजारांनी असतील."

तिनं श्वास सोडला तो मला ऐकू आला. "हजार," ती म्हणाली. "मंग कुनाचाबी असंल ह्यो."

"असेल," मी म्हणाले, आणि भिंगाखाली रुपया उलटा केला.

मागची बाजू जवळजवळ नवी होती. साल १९१९, अक्षरांच्या धारा नखाला लागत होत्या, खालच्या कमळाशी मुंबईच्या टांकसाळीचा ठिपकासुद्धा शाबूत. पुन्हा राजाची बाजू वर केली. राजाला कान नव्हता. मुकुटावरचे खडे सपाट, दाढी गुळगुळीत, गाल झिजून पार पातळ. रेघ तेवढी राहिली होती, कारण ती खोलगट जागेत असते, तिथं अंगठा पोचत नाही.

बाजारात फिरलेला रुपया दोन्ही अंगांनी झिजतो. एकाच अंगानं झिजतो तो पालथा-उताणा न होता एका जागी बसून राहिलेला, आणि वरून कुणीतरी वर्षानुवर्षं बोट फिरवलेला.

मी मान वर केली. ती माझ्याकडं बघत होती. तिच्या तोंडावर जे होतं ते मी तोवर कुणाच्या तोंडावर माझ्या बोलण्यानं आलेलं पाहिलं नव्हतं.

"आनि काय दिसतंय?" तिनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "काळा पडलाय."

मी खोटं बोलले नाही, असं मी त्या रात्री प्रार्थनेत सांगून पाहिलं. ऐकणारा फसला असं वाटलं नाही.

पुढचे महिने गोजरबाई सगळ्या गावाला ठसा समजावून सांगत होती. चीर कशी जाते, चांदी कशी चढते, हजार कसे पडतात. माझ्यापेक्षा चांगलं सांगायची. कुणी मच्छिंद्रच्या वीराचा टाक कधी करणार असं विचारलं, की तिची जीभ सुटायची. आमच्याकडं लढाईत पडलेल्याची चांदीच्या पत्र्यावर मूर्ती उठवून टाक करतात, देव्हाऱ्यात बसवतात आणि धुळवडीला वीर म्हणून वाजतगाजत मिरवतात. केला नाही तर मेलेला घराबाहेर तिष्ठत राहतो म्हणतात. पण जित्या माणसाचा टाक केला तर त्याला आपणच मारला. "तुज्या पोराचा कर आदी," ती विचारणाऱ्याला म्हणायची. विचारणारे कमी झाले.

दिवाळी झाली आणि राहीचा भाऊ सहादेव राहुरीहून बैलगाडी घेऊन आला. मी ओट्याखाली उभी होते, सगळं ऐकलं.

"आत्या, पोर एकुनीस वरसाची हाय," तो म्हणाला. "आमी घरी न्हेतो. पुढं कुटं पाट लावता आला तर लावू."

"नवरा जित्ता असताना पाट?"

"जित्ता हाय हे कुनी सांगितलं?"

"मेला हे कुनी सांगितलं? मास्तरनीला इचार. हजार हायत तसलं रुपये."

सहादेव माझ्याकडं वळला. गडी वाईट नव्हता, उन्हातून आला होता. "हजार हायत नव्हं? मंग दावा की एक. एक दावला तर मी गाडी रिकामी न्हेतो, पुन्हा नाव काढनार न्हाई."

"दावील," गोजरबाई म्हणाली. "दाव गं त्याला."

सहादेव तेवढ्यावर परत गेला. पण दाखवायचा कुठून? गेल्या सालापासून चांदीचे जुने रुपये बाजारातून बंद. काही सरकारनं परत घेतले, काही लोकांनी पुरून ठेवले. झोळीत नव्या भेसळीच्या नाण्यांशिवाय काही पडत नव्हतं. एकच जागा होती, सोनाराची. पुरलेले रुपये लोक गुपचूप त्याच्याकडं आणायचे, तो वितळवायचा. मी त्याला म्हणाले, मुशीत घालायच्या आधी मला बघू दे.

"काय बगायचं त्यात? समदे राजेच हायत," सोनार म्हणाला.

"दाढी बघायची आहे."

तो हसला, पण त्यानं बघू दिलं. दर बाजारच्या दिवशी मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर, उजेडात, गोणपाट टाकून बसायची. राणी बाजूला, एडवर्ड बाजूला, पंचम जॉर्ज तेवढे पुढ्यात. त्यातले १९१९ चे वेगळे. त्यातले मुंबईचे वेगळे. मग एकेकाची दाढी. चुकलेले पुष्कळ निघाले. एकावर मुकुट दोनदा उमटलेला, एकाची अक्षरं कडेवरून खाली सांडलेली. साहेब असता तर नाचला असता. मी ते मुशीत टाकून दिले. दाढीखाली रेघ एकालाही नव्हती. एकेका रुपयाबरोबर मला सुटल्यासारखं वाटायचं आणि त्याची लाजही वाटायची. सापडला नाही तर सहादेव राहीला नेईल आणि मला काहीच सांगावं लागणार नाही, हा हिशेब मी मनात करून चुकले होते.

संक्रांतीच्या आधीच्या बाजाराला तो सापडला. तेच साल, तोच ठिपका, रेघ त्याच जागी, केसभरही इकडं तिकडं नाही. गावोगाव फिरून दोन्ही अंगांनी सारखा झिजलेला. सोनाराला मी त्याच्या वजनाची चांदी म्हणून माझी कानातली फुलं दिली. तो म्हणाला, "मास्तरीनबाई, सौदा तोट्याचा हाय." मी म्हणाले, माहीत आहे.

चार दिवस तो रुपया माझ्याकडं पडून होता. पाचव्या दिवशी राही आली. शेण्या मागायच्या निमित्तानं आली, पण पाटी आणायला विसरली होती.

"घावला म्हनं तुमाला," ती म्हणाली.

"सोनारानं सांगितलं का?"

"त्यो काय सांगायचं ठिवतो व्हय?" ती दारातच बसली. "मंजी आता ठरलं. भाऊ यायचा न्हाई."

"आत्याबाई रोज सांजच्याला एक भाकर जास्ती थापाया लावत्यात. आला तर असू द्यावी म्हनून. सकाळी ती मीच खाती." ती हसली. "सा महिनं झालं, ताजी भाकर अशी मी खाल्लीच न्हाई बगा. नवऱ्याच्या वाटनीची शिळी खाती."

"राही."

"मला त्यो मेलेला पायजे असं न्हाई, मास्तरीनबाई. लई चांगला हुता. मला नुसतं एक काय ते सांगा. कपाळाला कुकू लावू का नको, एवढंच. तुमी भिंगातनं बगितलंय. तुमाला काय दिसलं?"

मी तिला म्हणाले, उद्या येते. तिनं मान हलवली आणि उठली. शेण्या न घेताच गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. गोजरबाई ओट्यावर तीळ निवडत होती. मी माझा रुपया ओट्यावर ठेवला. तिनं सूप बाजूला सारलं, आत जाऊन आपला आणला आणि त्याच्या शेजारी ठेवला. डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन एकदा हा बघितला, एकदा तो. रेघ आणि रेघ.

मग ती हसली. आषाढापासून पहिल्यांदा. "हाय की," ती म्हणाली. "दुसरा हाय. राहे, बाहेर ये. मास्तरनीनं दुसरा आनलाय बग."

राही दारात येऊन उभी राहिली.

"गोजरबाई," मी म्हणाले, "आता दोन्ही उलटे करा."

तिनं केले.

"माझ्या रुपयाची अक्षरं बघा. आणि तुमच्याची."

"माज्याची नवी हायत."

"आता पुन्हा सुलटे करा. माझ्या रुपयावर राजाचा कान आहे. मागं जेवढा झिजलाय तेवढाच पुढं झिजलाय. हजारो हातांतून गेला की असा होतो. तुमचा मागून कोरा आहे आणि पुढून कान गेलाय, गाल गेलाय. तो कुणाच्या हातांतून फिरलाच नाही. एका जागी होता, तोंड वर करून."

तिला कळलं नसेल असं वाटून मी जे वीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. हात पुढं केला, तिचा उजवा अंगठा धरला आणि तिच्या रुपयावर ठेवला. अंगठा आपणहून फिरला. गालावरून खाली, दाढीवरून, पुन्हा वर. जिथं जिथं चांदी सपाट होती तिथं तिथं तो गेला आणि जिथं नव्हती तिथं गेला नाही. तिनं हात काढून घेतला नाही. कितीतरी वेळ तो फिरत होता.

"तेवीस वरसं," ती शेवटी म्हणाली. "मीच झिजीवला."

राही खाली बसली. कुणी रडलं नाही. तीळ वाऱ्यानं थोडे उडाले.

"कवा कळलं तुला?" गोजरबाईनं विचारलं.

"पहिल्याच दिवशी."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमचं तोंड बघून."

"माजं तोंड बगून," ती म्हणाली. तिनं मान वळवून राहीकडं बघितलं, मग पुन्हा माझ्याकडं. "आन् हिचं?"

याचं उत्तर मी अजून शोधते आहे. मग ती आत गेली आणि राही तिच्यामागं गेली. थोड्या वेळानं बांगड्या फुटल्याचा आवाज आला. मी घरी आले.

फाल्गुनात तिनं सोनाराला निरोप धाडला. टाक करायचा, पण चांदी माझ्या रुपयाची. तो ओट्यावरच राहिला होता. सोनार म्हणाला, अहो, त्याचा स्वतःचा रुपया आहे की घरात, त्याचाच करावा, तीच रीत. तेव्हा तिनं काय उत्तर दिलं ते सोनारानंच मला सांगितलं: "त्याला एकदा आगीत घातलंय. दुसऱ्यांदा मी न्हाई घालनार." माझा हात लागलेली चांदी तिच्या देव्हाऱ्यात गेली. मुशीतून निघाली म्हणून चालली असावी. धुळवडीला राहीच्या चुलत दिरानं वीर डोक्यावर घेऊन मिरवला. हलगी माझ्या दारावरून गेली तेव्हा मी आतच होते.

चैत्रात सहादेव आला. राही जाताना माझ्याकडं थांबली. गाडीतून उतरली नाही.

"तिकडं इचारतील, कसं कळलं म्हनून," ती म्हणाली. "काय सांगू?"

"सांग, कागद आला होता."

"आलाच हुता की," ती म्हणाली. तिनं बैलांकडं बघितलं. "आत्याबाई आता एकटीच हायत. तुमच्याशी बोलनार न्हाईत त्या, मला म्हनल्यात. पर तुमी जात जावा."

गाडी राहुरीच्या वाटेला लागली. गोजरबाई बाहेर आली नव्हती.

मी जाते. बाजार आटोपला की तिच्या ओट्याच्या खालच्या पायरीवर बसते. ती वर काहीतरी निवडत असते, मी समोरच्या लिंबाकडं बघते. ती बोलत नाही, मीही नाही. एकदा कुणीतरी वाटेनं जाताना मला रुपया दाखवायला थांबलं, तर तिनं त्या माणसाला हातानंच पुढं जायला सांगितलं. मला मात्र ऊठ असं तिनं अजून म्हटलेलं नाही.